भाच्याचा मान

माझा धंदा काय, हे मला चारचौघांत सांगता येत नाही. कार्डावर 'करधोरण सल्लागार' असं छापलेलं आहे. भंडाऱ्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे लोकाइचे कर भरून देता का?"

म्हटलं, नाही, ते सीए करतात.

"मंग वसूल करता?"

म्हटलं, नाही, ते सरकार करतं.

"मंग तुमी करता तरी काय?"

मी घास गिळून म्हणालो, कर कोणावर लागावा आणि कोणावर लागू नये, हे मोठ्या कंपन्यांच्या वतीनं सरकारला समजावून सांगतो. गृहस्थांनी कार्ड खिशात घातलं, वांग्याची भाजी पुन्हा वाढून घेतली आणि म्हणाले, "दलालीच ना गा मंग. त तसं सांगा ना सरळ." दलाल म्हटल्याचा मला राग आला नाही. त्यानंतर लगेच त्यांनी मुलाच्या बदलीचं काम पुढे केलं, त्याचा आला. कारण ते काम माझ्याच्यानं होणारं नव्हतं आणि तसं कबूल करायला मी तयार नव्हतो. "बघतो," म्हणालो. अजून बघतोच आहे.

या धंद्यात मी शिरलो तोच चुकीच्या दारानं. नवा असताना दिल्लीच्या एका सरकारी इमारतीत एका साहेबांना मी बिस्किटांवरचा कर कमी का व्हावा हे चांगला अर्धा तास पटवून दिलं. गरिबाचा नाश्ता, आजाऱ्याचं पथ्य, रेल्वेत रडणारं लेकरू, काही म्हणता काही सोडलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि शेवटी सांगितलं की ते सिमेंट बघतात, बिस्किटांचे साहेब वरच्या मजल्यावर. मला वाटलं, गेली नोकरी. पण माझे वरिष्ठ ऐकून खूश झाले. "सिमेंटवाल्यानं तुझं बिस्कीट अर्धा तास ऐकलं ना? मग तू चालशील," म्हणाले. आणि मी चाललो. इतका चाललो की पुढे साबण, वाहनं, विमा, पाण्याच्या बाटल्या, जे समोर येईल त्याच्या बाजूनं मी तितक्याच कळवळ्यानं बोलायला लागलो. एकदा तर सकाळी एका कंपनीसाठी साखरेवर कर लावा म्हणालो आणि दुपारी दुसरीसाठी लावू नका म्हणालो. दोन्ही वेळा मला स्वतःचं पटलं होतं.

गावाकडे मात्र मी टॅक्समधला मोठा साहेब. हा गैरसमज मी पसरवला नाही, फक्त कधी दूर केला नाही. माझी मामी एकटी खोदून विचारायची. "भाचेबुवा, तुमी कर लावता का काढता?" मी म्हणायचो, "दोनी, मामी." ती म्हणायची, "म्हणजे भूतबी तुमचंच अना मांत्रिकबी तुमीच!" आणि पदराआड हसायची.

आता मामाचं सांगतो, कारण हे सगळं त्याच्यामुळेच लिहितो आहे. माझी आई लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीची. मामा तिचा धाकटा भाऊ. आमच्याकडे भाच्याला फार मान. मामा वयानं कितीही थोर असो, भाचा दारात आला की मामा वाकून त्याच्या पाया पडतो. मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून मामा माझ्या पाया पडायचा, आणि त्याच्या बोटांनी मला गुदगुल्या व्हायच्या म्हणून मी पळायचो. मग मामा पाया पडण्यासाठी माझ्या मागे अंगणभर धावायचा. भाच्याला द्यायचं असतं, त्याचं घ्यायचं नसतं. भाच्यापाशी तोंड वेंगाडून काही मागणं तर मामाच्या लेखी पापच. मी शहाणा झाल्यावर तो मला 'तुमी' म्हणायला लागला. सीएच्या परीक्षेत मी पुन्हा पुन्हा नापास होत होतो तेव्हा नागपूरच्या माझ्या खोलीवर मामाचा तांदूळ एसटीच्या कंडक्टरच्या हातून यायचा. नापास झालो की पुढचं पोतं जरा मोठं असायचं. पोरगं उपाशी राहतं म्हणून नापास होतं, असा त्याचा हिशेब. त्या काळात माझं वजन बरंच वाढलं.

मामाची गिरणी गावतलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी होती. टिनाचं शेड, धान सडायचं, म्हणजे त्याचं टरफल काढायचं एक मशीन, नंतर घेतलेलं एक पॉलिशचं, आणि पाखडणाऱ्या पाचसहा बाया. आजूबाजूचं बारीक, सुवासिक चिन्नोर धान घ्यायचं, तांदूळ करायचा आणि छोट्या पांढऱ्या पिशव्यांत भरून भंडाऱ्याच्या, पवनीच्या, नागपूरच्या दुकानांत द्यायचा. पिशव्या कोऱ्या. त्यांवर नाव नाही, चित्र नाही, काही नाही. कारण त्या वेळी नियमच असा होता, की नाव मिरवणाऱ्या पिशवीला कर आणि कोऱ्या पिशवीला माफी. त्या माफीमुळे मामाचा तांदूळ मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत पाकिटापेक्षा थोडा स्वस्त पडायचा. मामाची गिरणी चालायची ती या थोड्या फरकावर. मामाला हे माहीत होतं, मामीला जास्त माहीत होतं, आणि मला तर पगारच असल्या गोष्टी माहीत असण्याचा मिळतो.

अशात आमच्या ऑफिसकडे तांदूळ विकणारी एक मोठी कंपनी आली. तिची तक्रार अशी, की आम्ही कर भरतो आणि हे कोऱ्या पिशवीवाले भरत नाहीत. तेव्हा पाकीटबंद तांदूळ म्हटला की नाव असो नसो, सगळ्यांना कर लावा. काम माझ्याकडे आलं. मी खुर्चीत ताठ बसून सगळं ऐकलं, 'समान संधी' हे शब्द वहीत लिहिले आणि त्यांखाली दोन रेघा ओढल्या.

आता कोणाला वाटेल, मी तिथंच म्हणायला हवं होतं की हे काम मला नको. तसं म्हणणारी माणसं असतात. माझ्या ओळखीत नाहीत. मी त्याहून हुशारीचा मार्ग काढला. माझ्या सगळ्या फजित्यांची सुरुवात याच वाक्यानं होते. मी ठरवलं, कंपनीचं म्हणणं मांडायचं, पण त्यात एक ओळ घालायची की अगदी लहान गिरण्यांना यातून वगळावं. आणि ती ओळ पटावी म्हणून सरकारचा जो अभ्यासगट या प्रश्नावर सल्ला देणार होता, त्याला मामाच्याच गिरणीवर न्यायचं. ते टिनाचं शेड, ते खोकणारं मशीन, त्या कोंड्यानं पांढऱ्या झालेल्या बाया साहेबांनी डोळ्यांनी पाहिल्या की कोणाच्या मनात येईल यांच्यावर कर लावायचं? कंपनीला तिचा कर मिळेल, मामाला त्याची माफी राहील, आणि दोन्हीकडून माझी पाठ थोपटली जाईल. विमानात मी या कल्पनेवर इतका खूश होतो की दोनदा कॉफी मागितली.

त्याआधी मी मामाला फोन केला होता. "मामा, माहे सायेब येऊन राहिले तुमची गिरणी पाहाले. पण जसं हाये तसंच दाखवा. काही म्हणजे काही करू नका." यातलं पहिलं वाक्य मामानं ऐकलं. पुढचं ऐकायला तो फोनपाशी होता कुठं? तो मामीला हाका मारत घराकडे धावला होता. उरलेलं मी गिरणीच्या पट्ट्याशी बोललो. पट्टा बराच वेळ हूं हूं करत होता.

आम्ही नागपूरहून दोन गाड्यांनी निघालो. अभ्यासगटाचे तीन साहेब, त्यांतले थोरले दक्षिणेकडचे, हिंदी जपून बोलणारे, कंपनीचा एक तरुण अधिकारी, कडक इस्त्रीचा, आणि मी. भंडाऱ्याचा पूल ओलांडला तसा मी साहेबांना तयार करायला लागलो. सांगितलं, इथली गिरणी म्हणजे बघा, नुसती धूळ असेल, बसायला जागा नसेल, सांभाळून घ्या. गाडी तलावाच्या पाळीवरून खाली वळली आणि मला गिरणी ओळखूच आली नाही.

शेडला निळा ऑइलपेंट मारला होता. पुढे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत लागतो त्या मंडपवाल्याचा मांडव, त्यात लाल कापड चढवलेल्या खुर्च्या. पाखडणाऱ्या बाया लग्नातल्या शालू-पैठण्या नेसून हातात कोरी सुपं घेऊन रांगेत उभ्या, सुपांत तांदळाऐवजी हळदकुंकू. आणि गिरणीतला कोंडा झाडून, भिंती धुऊन काढलेल्या. कोंडा नसलेली गिरणी मी जन्मात पाहिली नव्हती. मामा पांढऱ्या सदऱ्यात पुढे आला आणि साहेबांना नमस्कार करायच्या आधी सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. थोरले साहेब दचकून माझ्याकडे बघायला लागले. म्हातारा माणूस सल्लागाराच्या पाया पडतो म्हणजे याचा इथं केवढा दरारा, असं त्यांना वाटलं असणार.

मांडवात टेबलावर तांदळाच्या पिशव्या रचल्या होत्या. चकचकीत, गुलाबी, छापील. त्यांवर माझा फोटो. माझ्या लग्नातला, फोटोग्राफरनं दिलेला टाय लावलेला. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'भाचा. अस्सल चिन्नोर. दिघोरी.'

"सर, ये तो ब्रँड है!" कंपनीचा अधिकारी इतक्या आनंदानं ओरडला की बायांपैकी एकीनं टाळ्या वाजवल्या.

मी मामाला खांबाआड ओढलं. "मामा, हे कायले छापलं?"

"तुमचे सायेब येणार अना मी काय कोऱ्या पिशवीत तांदूळ दाखवू? कोरी पिशवी त दळण घेऊन आल्यासारखी दिसते."

"अवो, पण आपल्या कोऱ्या पिशव्या कोठी हायेत?"

"मांगच्या खोलीत टाकल्या. कुलूप लावलं." मामानं मला डोळा घातला. "भेव नका. ह्या गुलाबीवाल्या फक्त आजच्यासाठी. एकबी दिसणार नाही कोरी पिशवी. मी काय तुमचा मान जाऊ देईन?"

त्याच्या कमरेला त्या खोलीची किल्ली लटकत होती. मी ती काढून घेऊन साहेबांना म्हणू शकलो असतो, की या, खरी गिरणी इकडं आहे. पण तोवर कंपनीचा अधिकारी आमच्या अगदी मागे येऊन उभा होता आणि मोबाइलवर पिशव्यांचे फोटो काढत होता. मला म्हणाला, "आपने तो कमाल कर दिया सर." मी हसलो. एवढ्या मोठ्या फजितीत माझ्या तोंडून नेहमी हसूच येतं.

चहा झाला. थोरल्या साहेबांनी मामाला समोर बसवलं आणि हळूहळू हिंदीत विचारलं, की उद्या तुमच्या पिशवीला कर लागला तर तुम्हाला काही त्रास होईल का? मामानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता तर मागायचं म्हणजे भाच्याच्या साहेबांपुढे भाच्याच्या खात्याबद्दल कुरकूर करायची. तो छाती काढून म्हणाला, "कायकी तकलीफ साब? देंगे ना. भांजा टॅक्समेच है. भांजा बोलेगा उतना देंगे."

साहेबांनी मान हलवली. शेजारच्या साहेबांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात घराकडच्या दारातून मामी बोलली. पदर डोक्यावर, आवाज हळू पण भराभरा. "तरास नाही कसा? या पिशवीले कर लागला त कंपनीच्याच भावात आमचा तांदूळ कोन घेईल? गिरणी बंद पडंल आमची, थे सांगा ना त्याइले."

मामा मागे वळून म्हणाला, "तू चूप राय व, अंदर जाय."

थोरल्या साहेबांना ती बोली कळली नाही. ते माझ्याकडे वळले. "क्या कह रही हैं?"

एवढं सरळ काम मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मामीनं अख्खं निवेदन दोन वाक्यांत मांडलं होतं. मला फक्त ते हिंदीत म्हणायचं होतं. मी म्हणालो, "जी, पूछ रही हैं, खाना लगा दें क्या?"

मला हे आधी सुचलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं. ऐकणाऱ्याला रुचेल ते त्याच्या भाषेत सांगायची सवय लागलेली जीभ, ती आपणहून चालली. गंमत अशी की भंडारा जिल्ह्यात हिंदी न समजणारं माणूस शोधून सापडायचं नाही. मामीनं मला पूर्ण ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग साहेबांकडे बघून स्वच्छ हिंदीत म्हणाली, "हां साब, खाना तैयार है. बैठिए ना." आणि आत गेली.

जेवण फार चांगलं होतं. तलावातले झिंगे होते, वडे होते, नव्या चिन्नोरचा भात होता. थोरले साहेब दोनदा भात घेऊन म्हणाले, असा तांदूळ त्यांनी कधी खाल्ला नाही. मामी वाढत होती. माझ्या ताटात तिनं इतरांपेक्षा कमी काही वाढलं नाही. जास्तही नाही. एरवी ती माझ्या नको म्हणणाऱ्या हातावरून वाढायची, त्या दिवशी मी नको म्हणालो आणि ती पुढे गेली.

दिल्लीत परतल्यावर मी निवेदन लिहिलं. लहान गिरण्यांना वगळावं, ही माझी ओळ त्यात घातली होती, हे मी शपथेवर सांगतो. कंपनीच्या त्या अधिकाऱ्यानं ती वाचली आणि म्हणाला, "सर, तुमचे मामाच म्हणाले ना, काही त्रास नाही? आणि ते तर स्वतःच्या नावानं पाकीट काढायला निघालेत." त्यानं ती ओळ खोडली. तिच्या जागी गुलाबी पिशवी हातात धरलेल्या मामाचा फोटो लावला. मी दुरुस्ती केली ती एवढीच, की फोटो थोडा कापला, म्हणजे पिशवीवरचा माझा चेहरा दिसणार नाही.

पुढे पाकीटबंद तांदळावर कर आला. मोठ्या पोत्याला नाही, घरात न्यायच्या छोट्या पिशवीला आला. माझ्यामुळे आला असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखी पन्नास निवेदनं गेली असतील, नसती गेली तरी आला असता. माझ्यामुळे आला म्हणणं हीसुद्धा एक बढाई होईल, आणि माझ्या धंद्यात लोक अशाच बढाया मारून बढत्या घेतात. मलाही मिळाली. ऑफिसात पेढे वाटले, आणि पेढे वाटताना मला आठवण झाली, ती दिघोरीची नाही, दूरध्वनीच्या बिलाची. इतका मी बरा होतो.

गिरणीचं काय होतं आहे ते मला फोनवरून कळायचं. म्हणजे मामा सांगायचा नाही, मला ऐकू यायचं. पूर्वी मामाशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, मागे मशीनचा खडखडाट असायचा. कर आल्यावर काही महिन्यांनी मला त्याचा आवाज स्पष्ट यायला लागला. "मशीन बंद का मामा?" "लाइन गेली गा." पुढच्या वेळीही लाइन गेलेली. त्याच्या पुढच्या वेळीही. दिल्लीत बसून मी एकदा वीज कंपनीला शिव्यासुद्धा दिल्या. "तुमच्याकडं लाइनचं काही करा लागते," म्हणालो. मामा म्हणाला, "हौ, करून राहिले ते. तुमी नका काळजी करू."

आईकडून तुकडे तुकडे कळत होते. भंडाऱ्याचा दुकानदार बिल मागतो, म्हणून मामानं कराचा नंबर काढला. बिल दिलं तर भाव कंपनीएवढा होतो आणि मग लोक टीव्हीवर दिसणारं पाकीट उचलतात. मामानं मोठी पोती भरून पाहिली, पण नागपूरच्या दोन खोल्यांच्या घरांत एवढं पोतं ठेवणार कुठं? पाखडणाऱ्या बायांपैकी दोघी भंडाऱ्याला धुण्याभांड्याला गेल्या. हे सगळं ऐकून मी आईला म्हणायचो, बघतो. मी खरोखर बघत होतो. एकदा रात्रभर नव्हे, चांगला एक सबंध रविवार घालवून मी मामासाठी या नियमातून सुटायची वाट शोधली. सापडली नाही. निवेदन मी फार चांगलं लिहिलं होतं.

गेल्या थंडीत एका लग्नासाठी भंडाऱ्याला आलो तेव्हा दिघोरीला गेलो. न कळवता गेलो, म्हणजे मांडव घालायला वेळ मिळू नये. मामा बाहेर गेला होता. मामी अंगणात कोहळ्याच्या वड्या घालत बसली होती. तिनं हात पुसून पाणी दिलं आणि पुन्हा वड्या घालायला बसली.

"मामा कोठी गेले?"

"भंगारवाल्याले आनाले. मशीन विकून राहिले."

मी शेडकडे पाहिलं. शेडवरचा निळा रंग अजून नवाच होता.

"तुमचा मामा तुमाले कदीच नाही सांगणार," मामी वड्यांकडे बघत म्हणाली. "मेला तरी नाही सांगणार. भाच्याले मागत नाही म्हणते. मी म्हटलं, मी त मामी हावो ना, माह्यावर त बंधन नाही. मी सांगतलं होतं. तुमीच सांगतलं नाही."

"मामी, त्या दिवशी..."

"त्या दिवशी मी जेवाचं नवती विचारत, भाचेबुवा."

"मले माहीत हाये."

"मलेबी माहीत हाये का तुमाले माहीत हाये." एक वडी तिच्या हातून वाकडी पडली, ती तिनं पुन्हा उचलून नीट घातली. "मामाले नका सांगू फक्त. थो अजूनबी लोकाइले सांगते, का सायबाइनं दोनदा भात घेतला."

मग ती उठली, आतून मोबाइल घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला. "एवढं करून द्या. थो कराचा नंबर बंद करून द्या. काही नाही विकलं तरी दर महिन्याले फॉर्म भराले सांगते लाखांदूरचा कंप्युटरच्या दुकानवाला, नाही भरलं त दंड. गिरणी गेली, नंबर कायले ठेवता?"

इतक्या वर्षांत त्या घरानं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी शेडमध्ये जाऊन बसलो, कारण रेंज तिथंच येते, आणि मामाचा नंबर रद्द करायला घेतला. मी कधी अशी साधी कामं केलेली नाहीत; दोनदा चुकलो. तेवढ्यात भंगारवाल्याला घेऊन मामा आला. आधी माझ्या पाया पडला, मग माझ्या हातात त्याचा मोबाइल बघून शेजारी बसला. मोबाइलवर आलेले ओटीपीचे आकडे तो एकेक करून मोठ्यानं वाचायचा, वाचेपर्यंत मुदत संपायची, आणि आम्ही पुन्हा नवे आकडे मागवायचो. शेवटी पडद्यावर प्रश्न आला, की कारण काय.

"काय लिवता?" मामानं विचारलं.

"धंदा बंद."

मामानं भंगारवाल्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "भाचेबुवा, याच्यानं तुमच्या नोकरीले त काही होणार नाही ना? म्हणजे, मामानंच नंबर बंद केला म्हणतील, टॅक्सच्या सायबाच्या."

मी म्हणालो, काही होणार नाही. आणि बटण दाबलं.

भंगारवाला भंडाऱ्याचा, तोवर मशीनभोवती फिरून, पट्टा ओढून, बोटानं गंज खरवडून मोकळा झाला होता. मामानं त्याच्याशी माझी ओळख करून दिली. माहा भाचा, दिल्लीले टॅक्समधी हाये. भंगारवाल्यानं लगेच टोपी सारखी केली. "बरं झालं भेटलात सायेब. एक विचारू? भंगार लोकाइकडून घेतलं, ज्याच्यापाशी नंबर नाही त्याच्याकडून, त त्याचा टॅक्स कोनाले लागते?"

मला कोणी कराबद्दल प्रश्न विचारला की माझ्या अंगात येतं. लग्नाच्या पंगतीतल्या गृहस्थांपासून ते मंत्रालयातल्या साहेबांपर्यंत इतकी माणसं भेटली, पण इतका मुद्द्याचा प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. मी त्याला सगळं नीट समजावलं. विकणाऱ्याकडे नंबर नसेल आणि घेणाऱ्याकडे असेल, तर कर घेणाऱ्यानं भरायचा. किती टक्के ते सांगितलं, कधीपासून ते सांगितलं, न भरला तर काय होतं तेही सांगितलं. बोटांवर मोजून मोजून सांगितलं.

भंगारवाला मन लावून ऐकत होता. माझं झाल्यावर मामाकडे वळून म्हणाला, "मंग थेवढे मी भावातून कापून घेईन पाटील. सायेबच म्हणून राहिले, मले भरा लागते म्हणून."

मी तोंड उघडलं, कारण मामाचा नंबर मीच आत्ता बंद केला होता. पण मामा माझ्याकडे बघतच नव्हता. तो भंगारवाल्याकडे बघत होता, आणि गिरणीत माणसं कामाला असताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो आत्ता तिथं होता.

"कापा ना," मामा म्हणाला. "पण पाहालं का? समदं तोंडपाठ हाये त्याले."